पडवीतली कडी

प्रिय ईशा आणि अद्वैत,

गेल्या रविवारी फोनवर ईशा रडली. घरमालकाने मांजर चालणार नाही म्हणून कळवलं आणि जवळजवळ ठरलेलं घर हातचं गेलं. मी तेव्हा "मिळेल गं दुसरं" एवढंच म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र मला कुसुम सिस्टर आठवल्या, आणि त्या आठवल्या की लवकर जात नाहीत. तुमच्या आईला त्यांच्याविषयी थोडंफार माहीत आहे. ती त्या वर्षांत नागपूरला कॉलेजात होती. तुम्हाला काहीच माहीत नाही. माझे डोळे आता एका बैठकीत एकच पान लिहू देतात, पुढे तेवढंही देतील की नाही कोण जाणे. म्हणून हे आत्ताच लिहून ठेवते.

तेव्हा आम्ही दिग्रसला होतो. मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि तुमचे आजोबा तहसील कचेरीत होते. कापसाची ती वाईट वर्षं. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर रोज जीव दिलेल्या एखाद्या शेतकऱ्याच्या गावाचं नाव छापून यायचं आणि तुमचे आजोबा ते पान माझ्या हाती देण्याआधी घडी घालून ठेवायचे. सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यांचे भोंगे पूर्वी अख्खा हंगाम वाजत. आता ते कधी वाजत, कधी नाही. बाजारात लोक हळू बोलत.

अशा एका दसऱ्याच्या आसपासच्या दुपारी आमच्या फाटकाशी एक बाई उभ्या राहिल्या. पन्नाशीला आलेल्या, काळ्यासावळ्या, उंच. कडक इस्त्रीची पांढरी साडी, काखेत छत्री आणि हातात साखळी. साखळीच्या दुसऱ्या टोकाला एक काळा कुत्रा, कपाळावर पांढरा ठिपका असलेला, शाळेतल्या शहाण्या मुलासारखा बसला होता.

"मी सरकारी दवाखान्यात नर्स हाये," त्या म्हणाल्या. "बदली होऊन आली. खोली पायजे. आधीच सांगून ठेवते, माझ्याजवळ कुत्रा हाये."

आम्ही स्वतःच भाड्याने राहत होतो, त्यामुळे मी त्यांना शेजारच्या भाऊंच्या घराकडे पाठवलं. पण "आधीच सांगून ठेवते" हे त्यांचं वाक्य मला विचित्र वाटलं. घर शोधणारा माणूस अडचणीची गोष्ट शेवटी सांगतो. या बाई ती सगळ्यांत पुढे धरून चालल्या होत्या, छत्री धरावी तशी.

त्यांचं आडनाव मी इथे लिहिणार नाही. त्यांना जन्मभर तेच आधी विचारलं गेलं. निदान तुम्ही तरी त्यांना नावाने ओळखा.

भाऊ म्हणजे भाऊराव. गावापासून जवळच त्यांची थोडी कोरडवाहू शेती होती, आणि दिग्रसात वडिलांनी बांधलेलं घर. मागच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या. माणूस बुटका, डोक्याला कायम रुमाल, आणि तक्रार केल्याशिवाय चहासुद्धा घ्यायचा नाही. आमच्या दोन घरांत एकच बुटकी भिंत होती, त्यामुळे त्या दिवसाचा संवाद मी माझ्या अंगणातूनच ऐकला.

"कुत्रं?" भाऊ म्हणाले. "कुत्रं नाई चालत बाप्पा."

"बरं," म्हणून सिस्टर वळल्या.

"अवो, थांबा न. ऐकून तर घ्या काहून नाई चालत ते." भाऊंना तक्रार अर्धवट सोडायची सवय नव्हती. "एक तर ते तुळशीपाशी पाय वर करीन. दुसरं, आमच्या घरातल्या बाईचे पापड गच्चीवर वाळते, त्याले तोंड लावीन. रात्री भुंकीन, माझी झोप जाईन. दारं ओरबाडीन. सागाचे दारं हाये, आता असे भेटत नाई. आन् कोनाले चावलं तर पोलीस माझ्या दारात."

सिस्टर ऐकत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आन् अजून काही?"

"अजून काय पायजे तुमाले?"

"माझं आडनाव नाई विचारलं तुम्ही."

भाऊ चिडले. "मले काय करायचं हाये आडनावाशी? आडनाव दार ओरबाडते का?"

यावर त्या बाई हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, भिंतीला हात टेकून इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. भाऊ गोंधळून आपल्या बायकोकडे, वच्छलाबाईंकडे, बघत राहिले. कुत्रा दोघांकडे आळीपाळीने बघत होता.

त्या हसण्याचा अर्थ मला पुढे हिवाळ्यात कळला. तोवर आमची ओळख झाली होती. ड्यूटीवरून येताना त्या माझ्या ओट्यावर टेकायच्या आणि बशीत ओतून चहा प्यायच्या. त्या दिवशी आपण होऊन म्हणाल्या, "मॅडम, पहिले मी एकटीच खोली पाहाले जात होती. लोक पाणी देत, खोली दाखवत, मग नाव विचारत. नाव सांगितलं की त्यांले एकदम आठवे, खोली तर कालच देऊन टाकली. कोनाचा पाव्हणा येऊन राह्यला, कोनाच्या पोराचं लग्न निघून राह्यलं. मी हो म्हणून निघून येऊ. मग आर्णीला असताना हा टिकल्या दवाखान्याच्या मागं सापडला. त्याले घेऊन गेली, तर एक बाई म्हणे, तुमाले दिली असती हो, पण हे कुत्रं. मले त्या दिवशी इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. लोकांले नाई म्हणाले काहीतरी लागते. तं मी ते संगंच घेऊन फिरते. त्यांची लाज राह्यते, माझीबी राह्यते."

"आणि भाऊ?" मी विचारलं.

"भाऊ पहिला माणूस, जो खरंच कुत्र्यासाठी नाई म्हणे."

त्या नाही म्हणण्याचं भाऊंनी अर्ध्या तासात हो केलं होतं, पण अटी घालून. कुत्रा मागच्या दाराने येईल-जाईल. घरात पाऊल ठेवणार नाही. मागच्या पडवीत बांधलेला राहील. बांधायला त्यांनी स्वतः गोठ्यातली लोखंडी कडी उपटून आणली आणि पडवीच्या खांबात ठोकली. त्याच वर्षी त्यांनी बैलजोडी विकली होती आणि गोठा रिकामा होता. "बैलाची कडी हाये," कडी हलवून बघत ते म्हणाले, "याच्या बापाले तुटत नाई." तिचा दुसऱ्या कामाला उपयोग झाल्याचा त्यांना आनंद झाला की वाईट वाटलं, हे त्यांच्या पाठीवरून मला कळलं नाही.

सिस्टरांनी त्या अटी अशा पाळल्या की मला माझ्या वर्गातल्या मुलांची लाज वाटावी. दर रविवारी टिकल्याला कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ. फिरून आला की पडवीच्या पायरीवर चारही पाय फडक्याने पुसायचे. ते फडकं रोज उकळत्या पाण्यात. वाळवणाच्या दिवसांत टिकल्याने पापडांकडे नुसतं पाहिलं तरी त्या आतून म्हणायच्या, "टिकल्या, भाडं कोण भरते?" आणि तो मान फिरवायचा. महिन्याभरात वच्छलाबाईच त्याला पोळी टाकू लागल्या. फक्त ती भाऊंच्या नकळत टाकायच्या. भाऊही टाकत, वच्छलाबाईंच्या नकळत. टिकल्या लठ्ठ व्हायला लागला तेव्हा सिस्टरांना दोघांचाही पत्ता लागला आणि त्यांनी दोघांनाही काही सांगितलं नाही.

त्यांचं काम बाळंतपणाच्या वॉर्डात. मूल झालं की त्याच्या बापाला बाहेर येऊन सांगायच्या, "नवा भाडेकरू आला." मुलगा की मुलगी हे नंतर. सगळं जग त्यांच्या लेखी भाड्याचं होतं. त्यांच्या खोलीत एक लोखंडी पेटी, एक कॉट, स्टोव्ह, आणि पेटीवर भिंतीला टेकवून ठेवलेली बुद्धाची तसबीर. "टांगत का नाही?" असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, "भाड्याच्या घरात मी खिळा ठोकत नाई. जाताना भोक मागं राह्यते." नोकरीच्या गावोगावी त्यांच्या एकाही भिंतीत त्यांचा खिळा नव्हता. याचा त्यांना थोडा अभिमान होता असं मला तेव्हा वाटलं.

त्या वर्षी कापूस वेचून झाला आणि भाव पडला. भाऊंनी ठरवलं, थांबायचं. सगळेच थांबले होते. ज्याच्या घरी खोली होती त्याने खोलीत कापूस भरला, ज्याच्याकडे नव्हती त्याने स्वतः पडवीत झोपून घरात कापूस भरला. तुम्ही कधी कापसाने भरलेली खोली पाहिली नाही. दार उघडलं की समोर पांढरी भिंत उभी असते, खिडकी बुडालेली, आत एक कोंदट ऊब. भाऊंची बैठकीची खोली छतापर्यंत भरली. थंडी पडली तसे घरातले सगळे त्याच्या कडेला अंथरूण घालू लागले, कारण तिथे पांघरूण लागत नव्हतं. त्यांची मुलगी मंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सिस्टरांच्याच हातून ती मोकळी झाली, मुलगी झाली. त्या बाळालाही कापसाच्या उबेतच निजवत.

पौषात घराला खाज सुटली. आधी भाऊंच्या पाठीवर, मग वच्छलाबाईंच्या दंडावर लाल पुरळ. मग मंदाच्या. मग बाळाच्या. बाळ रात्रंदिवस किरकिर करायचं. एवढंसं अंग, त्यावर मोहरी उधळावी तसे फोड. वच्छलाबाईंनी सगळे उपाय केले आणि एका सकाळी बोट पडवीकडे केलं.

"त्या कुत्र्याच्या पिसवा हाये. दुसरं काय बदललं या घरात?"

खरं म्हणजे दुसरं एक बदललं होतं आणि ते छतापर्यंत रचलेलं होतं. पण ते कुणाला बदल वाटतच नव्हतं. कापूस दर वर्षी घरात येई. फक्त पूर्वी तो चार दिवसांत विकायला जाई.

सिस्टरांनी ते ओळखलं होतं. दवाखान्यात त्याच पुरळाची माणसं आसपासच्या गावांतून येत होती. त्यांच्यात कुत्रं नसलेली घरं होती, कापूस नसलेलं एकही नव्हतं. त्या सरळ भाऊंकडे गेल्या. या वेळी मी वच्छलाबाईंकडे विरजण मागायला गेले होते, म्हणून हेही मी समोरच पाहिलं.

"भाऊ, हे कापसानं होऊन राह्यलं. जुन्या कापसात बारीक किडे होते, डोळ्याले दिसत नाई. कापूस विका. नाईतर गोठ्यात हलवा. लेकराले तर आजच दुसरीकडं झोपवा."

भाऊ डोक्यावरचा रुमाल काढून गुडघ्यावर घड्या घालत बसले. "गोठ्याले छप्पर नाई राह्यलं, सिस्टर. दव पडलं तर कापूस पिवळा पडते. आन् आज विकला तर..." तो कापूस म्हणजे त्यांचं येतं वर्ष होतं. ते आज कमी भावात देऊन टाका असं कुणी म्हटलेलं त्यांना ऐकूच येण्यासारखं नव्हतं.

वच्छलाबाईंना मात्र ऐकू आलं. "कुत्रं वाचवाले आमच्या कापसावर घेता का, सिस्टर? लक्ष्मीपासून कोनाले खाज सुटत नाई."

सिस्टर काहीतरी बोलणार होत्या. तेवढ्यात मंदाच्या मांडीवरचं बाळ रडायला लागलं. त्यांनी ते उचललं, त्याचं अंगडं वर करून पाठ पाहिली, आणि पुन्हा मंदाच्या हाती दिलं. त्यानंतर भाऊ खाली बघत म्हणाले, "कुत्रं हलवा, नाईतर खोली पाहा. मी तुमाले निघा म्हणत नाई. पण लेकराचं हाये न."

त्या संध्याकाळी त्या माझ्या ओट्यावर चहा न घेता बसून राहिल्या. मी म्हणाले, दुसरी खोली बघू, मी शाळेत विचारते.

"तुम्ही विचारान मॅडम. ते तुमाले हो म्हणतीन. मग मी जाईन." त्या पुढे म्हणाल्या, "आता गल्लीगल्लीनं फिराची ताकद नाई राह्यली. या घरात मले नुसतं सिस्टर म्हणते. माझ्या ताटातलं खाते. मंदा बाळंतपणात जाता जाता माझ्या हातात वाचली. कुठं सोडू?" टिकल्या त्यांच्या पायाशी बसला होता. "हे खरंच कुत्र्यासाठी नाई म्हणून राह्यले. दुसरं काही असतं तर मी उठून गेली असती."

त्यांची धाकटी बहीण झरी जामणीकडे एका जंगलातल्या गावात राहायची. तिथे मोकळं रान होतं, घर तिचं स्वतःचं होतं. सिस्टर रजा घेऊन टिकल्याला तिथे सोडून आल्या. एसटीत कुत्रा घेत नाहीत, म्हणून ओळखीच्या एका टेम्पोच्या मागच्या भागात त्या स्वतः त्याच्याजवळ बसून गेल्या, ती पांढरी साडी नेसून. परतल्या तेव्हा हातात साखळी होती. बहिणीकडे बांधायची गरज नव्हती, त्या म्हणाल्या.

भाऊंच्या घरची खाज तशीच राहिली.

वच्छलाबाई म्हणाल्या, पिसवा पडवीच्या भिंतीत राहिल्या असतील. म्हणून पडवीला चुना दिला. मग सिस्टरांची खोली रॉकेलने पुसली. तेव्हा सिस्टरही हाताखाली पुसू लागल्या. बाळ रडतच होतं. मग एके दिवशी सिस्टरांनी मंदाला आणि बाळाला उचलून आपल्या खोलीत आपल्या कॉटवर आणलं, आणि आपण खाली झोपायला लागल्या. आठवडाभरात बाळाची पाठ निवळली. भाऊ रोज येऊन ती पाठ बघायचे आणि परत जायचे. कुत्र्याच्या पडवीला लागून असलेल्या खोलीत बाळ बरं होत होतं, हे त्यांच्या लक्षात येत होतं. ते तोंडाने म्हणायला त्यांना आणखी काही दिवस लागले.

शेवटी होळीच्या आधी त्यांनी कापूस विकला. भाव वाढला नव्हता. उलट थांबल्यामुळे कापूस हलका पडला होता. गाडी भरून गेली त्या दिवशी भाऊ रिकाम्या बैठकीत मधोमध उभे होते. सरकी आणि धूळ झाडून, खोली धुऊन घेतली. पाडव्याला घरात कुणाच्याही अंगावर पुरळ नव्हतं.

पाडव्याच्या दुपारी भाऊ सिस्टरांच्या दाराशी गेले. मी भिंतीच्या अलीकडे कैऱ्या फोडत होते.

"सिस्टर, तुमचं कुत्रं आणून घ्या वापस."

आतला स्टोव्हचा आवाज थांबला.

"मी गाडी सांगतो. मीच जातो पायजे तर."

सिस्टर दाराशी आल्या. "नाई हो भाऊ. तो राह्यला नाई."

बहिणीचा निरोप त्यांना महिनाभरापूर्वीच आला होता. टिकल्याने तिथे नीट खाल्लंच नाही. एक दिवस तो निघून गेला. बहिणीच्या नवऱ्याने रानात शोधलं, तेलंगणाच्या बाजूला शोधलं. सापडला तो पांढरकवड्याच्या रस्त्याला. कुठल्यातरी गाडीखाली आला असावा. तोंड इकडच्या बाजूला होतं. महिनाभर ही बाई बाळाला मालिश करत होती, पडवीचा चुना बघत होती, आणि आमच्यापैकी कुणाला बोलली नव्हती.

भाऊ पायरीवर बसले. ज्या पायरीवर टिकल्याचे पाय पुसले जायचे, तीच. रुमाल काढून त्यांनी तोंडाला लावला. सिस्टरांनी आत जाऊन पाण्याचा पेला आणला आणि त्यांच्याजवळ ठेवला. "तुम्ही त्याले पोळी टाकत होता, मले माहीत हाये," त्या म्हणाल्या. एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे हातोडी मागायला आल्या. मी न विचारता दिली. मग राहवलं नाही म्हणून मागोमाग गेले. त्यांनी पेटीवर चढून भिंतीत एक लांब खिळा ठोकला आणि बुद्धाची तसबीर त्याच्यावर टांगली. खाली उतरून ती सरळ आहे का ते लांबून पाहिलं.

"भाऊंना विचारलंत?" मी म्हणाले.

"कायले विचारू? या घराचं होतं ते सगळं भाडं भरलं मी."

हातोडी त्यांनी पुसून परत केली.

त्यानंतर त्या निवृत्त होईपर्यंत त्याच खोलीत राहिल्या. दुसरं कुत्रं पाळलं नाही. भाऊ दोनदा पिल्लू घेऊन आले. दोन्ही वेळा त्यांनी ते दवाखान्यातल्या कुणाच्या तरी घरी पोचवलं. मंदाची मुलगी चालायला लागली ती त्या पडवीत, कडी धरून. तिला सिस्टर "भाडेकरू" म्हणायच्या आणि ती त्यांना "मोठी आई".

मी त्यांना शेवटचं पाहिलं दिग्रसच्या एसटी स्टँडवर. बहिणीकडे राहायला चालल्या होत्या. भाऊ पेटी टपावर चढवायला कंडक्टरशी भांडत होते, वच्छलाबाईंनी इतका मोठा डबा दिला होता की तो धरायला मी गेले होते. तसबीर साडीत गुंडाळून त्यांच्या काखेत होती. यवतमाळची गाडी लागली. तेवढ्यात स्टँडवरचं एक कुत्रं येऊन त्यांच्या पायाशी उभं राहिलं. त्या वर्षांत रस्त्यावरच्या कुत्र्याकडे त्या कधी बघत नसत. त्यांनी तसबीर माझ्या हाती दिली, वाकून त्याच्या कपाळावरचे केस अंगठ्याने बाजूला केले, आणि नीट पाहिलं. मग सरळ झाल्या, तसबीर परत घेतली आणि गाडीत चढल्या. खिडकीतून हात केला तो आम्हा सगळ्यांना मिळून एकच.

त्या गेल्याला आता बरीच वर्षं झाली. भाऊ आणि वच्छलाबाईही गेले. घर मंदाकडे आहे. मागच्या वर्षी तुमची आई मला दिग्रसला घेऊन गेली होती, तेव्हा मी मुद्दाम मागे जाऊन पाहिलं. गोठा पाडला आहे, बैठकीत फरशी आली आहे, त्या दोन खोल्या भाड्याने दिल्या आहेत. आत राहणाऱ्या मुलीने खिळ्याला आपली पर्स अडकवली होती. पडवीच्या खांबात ती कडी अजून आहे, आणि तिला एक तपकिरी कुत्रा बांधलेला होता.

तुमची,
आजी